तडा स्क्रूपासून निघाला होता

महानंदा, ही गोष्ट सांगायचं मी सव्वीस वर्षं टाळलं. सकाळी तू चहाचा कप पुढं ठेवायचीस तेव्हा टाळलं, दुकानात शेजारच्या स्टुलावर बसून काच पुसायचीस तेव्हा टाळलं, आणि सोलापूरच्या दवाखान्यात तू माझ्या पिशवीकडं बघून विचारलंस तेव्हाही टाळलं. आता तू ऐकायला नाहीस म्हणून म्हातारा सांगायला बसला, असं कुणी म्हटलं तर ते खरंच आहे.

तू कुठली, शिकलीस किती, मागं कोण कोण राहिलं, हे मी लिहीत नाही. ते तुझ्या नवऱ्यानं, माझ्या राजशेखरनं, पेपरातल्या चौकटीत दिलं, फोटोसकट. त्या चौकटीत एक गोष्ट नव्हती, आणि ती परंड्यातल्या निम्म्या बायकांना पाठ आहे: काचवाल्यांच्या घरात ही सून आली त्याच दिवशी आरसा फुटला. मला फक्त त्या आरशाबद्दल लिहायचं आहे. ती गोष्ट गावभर झाली, तर तिच्यातलं खरंही गावभर व्हावं. म्हणून हे छापायला द्यायला मी राजशेखरला सांगितलं आहे. तो नुसता ‘बरं’ म्हणाला.

तुमचं लग्न भर उन्हाळ्यातलं. सासूनं सुनेचा चेहरा पहिल्यांदा बघायचा तो समोरासमोर नाही, आरशात, ही सूनमुखाची रीत. त्याला हातात मावेल एवढा आरसा पुरतो. राजशेखरच्या आईनं, जिला तू आत्या म्हणायचीस तिनं, तसा एक काढूनही ठेवला होता. मीच तो परत कपाटात ठेवायला लावला. म्हटलं, “काचेचं दुकान असलेल्या माणसाच्या सुनेचं तोंड तळहाताएवढ्या आरशात बघायचं व्हय? सगळ्या पाहुण्यांना दिसलं पाहिजे.” आणि दुकानातला सहा फुटी आरसा बाहेरच्या खोलीत लावायचं ठरवलं. गुळगुळीत कडांचा, चार कोपऱ्यांना चार भोकं, वर स्क्रूंच्या माथ्यावर पितळेची चार फुलं.

रशीदभाई तेव्हाही आपल्याकडं फिटिंगचं काम करायचे. लग्नाच्या सकाळी त्यांनी भिंतीला भोकं पाडली, गिट्ट्या ठोकल्या, आणि पिशवी उलटी करून दाखवली.

“सेठ, वायसर संपलेत. चार लागतात, एक पण न्हाई. आज आरसा नुसता टेकवून ठिवू. उद्या बार्शीहून आणून लावतो.”

“उद्या कुणाला दाखवायचाय? उद्या काय पाहुणे थांबणारेत?”

“मग हातानं नुसते धरवा स्क्रू. पिळू नका.”

ते मांडवातल्या लाइटचं बघायला गेले आणि मी पेचकस घेतला. काच आणि स्क्रू यांच्यामध्ये रबराचा वायसर लागतो, कारण लोखंडानं काचेला धरायचं नसतं, रबरानं धरायचं असतं. हे मी दुकान काढलं त्या महिन्यात शिकलो होतो. तरी पिळले. तीन कोपरे नीट बसले. वरच्या उजव्या कोपऱ्यातलं फूल किंचित हलत होतं, ते मला बघवेना, म्हणून आणखी एक फेरा दिला. त्या फेऱ्यात काच बोलली. काचेचं काम केलेल्या माणसाला मी काय म्हणतो ते कळेल. कानाला आवाज येत नाही, पेचकसाच्या मुठीतून तळहाताला एक बारीक कुरकूर लागते. मला ती लागली होती, महानंदा. मी पेचकस खिशात टाकला आणि फेटा बांधून घ्यायला गेलो.

दुपारी चारच्या सुमाराला तुम्ही दोघं पाटावर बसलात. बाहेरच्या खोलीची खिडकी पश्चिमेला, त्यामुळं ऊन नेमकं आरशावर आलं होतं. मी तेही बघितलं. आत्या साखरेची वाटी घेऊन तुझ्याशेजारी बसली. तिनं आरशात तुझ्याकडं बघितलं, आणि तू मान खाली घालायच्या ऐवजी वर बघून हसलीस. तुझ्या पुढच्या दोन दातांत फट होती. आत्याही हसली. तेवढा एक क्षण तुम्ही दोघी एकमेकींना आवडला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. मग ‘टच्’ असा आवाज झाला, सुपारी फुटावी तसा, आणि कोपऱ्यापासून एक रेघ तिरपी खाली आली. तुझ्या कपाळावरून, कुंकवावरून, हनुवटीपर्यंत.

माझी चुलती म्हणाली, “अगं बया, आल्या पावली आरसा फुटला की!”

मागून कुणीतरी म्हणालं, “तोंड दिसलं आन् फुटला.”

आत्याच्या हातातली वाटी खाली ठेवली गेली. तुझ्या तोंडात साखर घालायची राहिली ती राहिलीच. तू आरशाकडं बघत नव्हतीस, माझ्याकडं बघत होतीस. त्या खोलीत काचेतलं कळणारा माणूस मी होतो. मामा काहीतरी सांगतील, असं तुला वाटलं असणार. दारात रशीदभाई उभे होते, तेही माझ्याकडं बघत होते.

एकच वाक्य बोलायचं होतं. पण खोलीतली अर्धी माणसं माझी गिऱ्हाइकं होती. ती म्हणाली असती, स्वतःच्या घरातला आरसा लावता येत नाही आणि निघाला गावाला आरसे लावायला. एवढ्यासाठी. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, मिळालं नाही. मला वाटलं, बायकांचं बोलणं आहे, दोन दिवसांत विसरतील.

त्या दिवशी ऊन कलायच्या आत आत्यानं तो आरसा उतरवायला लावला आणि घरात पुन्हा भिंतीला आरसा लावायचा नाही असं सांगितलं. राहिला तो मोरीजवळचा माझा दाढीचा आरसा. तो माझ्या उंचीला लावलेला होता. तू बुटकी. उपड्या बादलीवर उभी राहून भांग पाडायचीस. राजशेखरनं एकदा खिळा खाली ठोकला, तर आत्यानं दुसऱ्या दिवशी तो वर ठोकून घेतला. काचवाल्याच्या घरातली सून बादलीवर चढून कुंकू लावते, हे मी रोज दात घासताना बघायचो आणि चूळ भरून बाहेर यायचो.

आत्याला मी वाईट म्हणणार नाही. तिला तुझा राग नव्हता, भीती होती. तुझी पहिली खेप वाया गेली तेव्हा ती तुझ्या उशाशी बसून रडली, आणि बाहेर येऊन मला म्हणाली, “त्या दिवशीच दिसलं होतं वो मला.” दुष्काळात दुकान बसलं तेव्हा तेच, राजशेखरचा पाय मोडला तेव्हाही तेच. पुढं तुमची पूजा जन्मली, गुणाची पोर निघाली, तर ते आत्याच्या नवसामुळं. नणंदेच्या हळदीला तुला कोठीच्या खोलीत बसवलं होतं, सुपाऱ्या मोजायला. मी सुपाऱ्या न्यायला आलो तेव्हा तू म्हणालीस, “इथं बरंय मामा. इथं आरसा न्हाई.” आणि हसलीस, दातांतली फट दाखवत. मी सुपाऱ्या घेऊन गेलो.

तू दुकानात यायला लागलीस ती माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून. राजशेखरची नोकरी भूमला, मला दिसत नव्हतं, रशीदभाई सायकलवर काच बांधून गावभर. आत्या म्हणाली, “काचंच्या दुकानात ही? बघा बाई.” पण दुसरं कुणी नव्हतं.

तुझं पहिलं गिऱ्हाईक मला आठवतं. गुरुजींच्या बायको आल्या होत्या, बैठकीत लावायला मोठा आरसा हवा म्हणून. मी डोळ्यावर हिरवी पट्टी लावून बसलो होतो, त्यामुळं नुसतं ऐकत होतो.

“कुठं लावायचा, काकू?”

“सोफ्याच्या वर.”

“सोफ्याच्या वर लावला तर आरशात काय दिसंल?”

“काय दिसंल? समोरची भिंत दिसंल.”

“मग तुमच्याकडं दोन भिंती होतील की.”

गुरुजींच्या बायको उठल्याचा आवाज आला. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. तर तू हातातला आरसा घेऊन त्यांच्या घरी गेलीस. आपल्या गावातली घरं तशीच, पुढून अरुंद, मागं लांब, आणि मधली खोली दिवसाही अंधारी. तू मागच्या दारात उभी राहिलीस, हातातल्या आरशावर ऊन धरलंस आणि कवडसा भिंतीभिंतीवरून फिरवत नेलास, मधल्या खोलीतल्या देवळीपर्यंत. तिथं खडूनं खूण केलीस. रशीदभाईंनी परत येऊन मला सांगितलं, “सेठ, आरसा हिथं आन् उजेड तिथं. दिवा न लावता पोरगं पुस्तक वाचतंय.”

मग बायका तुलाच विचारायला लागल्या. उंबऱ्यासमोर आरसा लावू नका, म्हणायचीस. आलेल्या माणसाला आधी घरातलं माणूस दिसू दे, मग त्याचं स्वतःचं तोंड. चुलीपाशी मात्र वीतभर आरसा लावा, भाकरी थापताना मागं कोण येऊन उभं राहिलं ते कळतं. तुळस दिसेल असा एक लावा, उन्हाळ्यात घरात तेवढंच हिरवं. माहेरच्या कानडीत आरशाला ‘कन्नडी’ म्हणतात, तो शब्द बोलता बोलता तुझ्या तोंडून जायचा, तर दोन-चार बायकाही ‘ती छोटी कन्नडी दाखवा’ म्हणायला लागल्या. मी इतकी वर्षं आरसे विकले. घरात तो कुठं लावावा हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मला ठाऊक नव्हतं.

आपलं भांडणही याच्यावरूनच. मला मोठा आरसा आवडायचा, सोनेरी चौकटीचा, भिंतभर. तू म्हणायचीस, एकाच्या जागी तीन लहान लावा, निरनिराळ्या उंचीला.

“आरसा भिंत सजवायला नसतो मामा, उजेड फिरवायला असतो.”

“आरसा माणसाला त्याचं तोंड दाखवायला असतो. उजेड काय आपल्या दुकानात तयार होतो?”

“मग तोंडं तरी कुठं आपल्या दुकानात तयार होतात? त्यांचीच त्यांना देता की तुम्ही!”

रशीदभाई हसून हसून काचेवर डोकं टेकायचे. हे भांडण कधी मिटलं नाही. आज तुझं म्हणणं मान्य करायला मी तयार आहे, पण हरायलाही समोर माणूस लागतं.

लोकांच्या घरी तडकलेले आरसे बघायला मीही जायचो. महिन्याकाठी एक तरी असायचा. मी बोट ठेवून सांगायचो, “हे बघा, तडा हितून निघालाय, स्क्रूपासून. जास्त आवळलाय, आन् वायसर न्हाई. घाबरू नका, अपशकुन बिपशकुन काय नसतो.” घाबरलेल्या किती बायकांना मी असं सांगितलं असेल. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती जायची तेव्हा मला बरं वाटायचं. तिथून मी घरी यायचो, आणि घरी तू ताट वाढायचीस.

तो फुटका आरसा आत्यानं टाकून द्यायला सांगितला होता. मी टाकला नाही. गोदामात जुन्या चौकटींच्या मागं तोंड फिरवून ठेवला. का ठेवला, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. एका पावसाळ्यात गोदामाच्या पत्र्यातून पाणी आलं आणि चौकटी तू हलवल्यास. दोन दिवसांनी मी काही शोधायला गेलो तर आरसा होता तिथंच होता, पण तोंड बाहेर. सगळ्या आरशावर बोटभर धूळ, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा स्वच्छ पुसलेली. भोक दिसत होतं. भोकाभोवती स्क्रूच्या माथ्यानं काच चिरडलेली खूण दिसत होती. आणि तिथूनच निघालेला तडा. तोपर्यंत तू सात-आठ वर्षं काचेत काढली होतीस. तुला वाचता येत होतं ते.

मी तो परत भिंतीकडं फिरवला. तू तेही बघितलं असणार.

त्यानंतर थोड्या दिवसांनी नव्या मंगल कार्यालयाचं काम आलं. वधूपक्षाच्या खोलीत मोठा आरसा. दुकानात रशीदभाई सामान काढत होते. त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, म्हणून तू वायसर मोजून त्यांच्या पुडीत बांधत होतीस.

“रशीदभाई, आधी हातानं, मग अर्धा फेरा. त्याच्यापुढं न्हाई.”

“मला शिकवती व्हय गं? माझी दाढी पिकली ह्याच्यात.”

“तुम्हाला न्हाई हो. मीच घोकते.” मग पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता, वर न बघता, “काच लगेच तडकत न्हाई. ऊन लागलं की तडकते. व्हय ना मामा?”

रशीदभाईंनी हातातलं सामान खाली ठेवलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तू दोऱ्याला गाठ मारत होतीस, सावकाश, नेहमीपेक्षा सावकाश. इतकी चांगली वेळ मला पुन्हा आली नाही.

मी “व्हय” म्हणालो आणि चहा प्यायला बाहेर गेलो.

तू एवढं एकदाच मागितलंस माझ्याकडं. नाही, दोनदा. दुसऱ्यांदा मागितलंस ते मधल्या खोलीतल्या आरशाचं. आपल्या घराची मधली खोली तशीच अंधारी. आत्या तिथं बसून पोथी वाचायची, दिवसाही बल्ब लावून, डोळे बारीक करून. तू मागच्या दारातून कवडसा फिरवून बघितला होतास. भिंतीतल्या फळीच्या वर एक हात रुंदीचा आरसा लावला तर मागच्या अंगणातल्या सीताफळाच्या झाडावरचा सकाळचा उजेड सरळ पोथीवर येतो.

“मामा, आत्यांना तुम्ही विचारा ना. मी विचारलं तर त्या घाबरतील.”

“बघू,” मी म्हणालो.

नुसतं विचारून भागलं नसतं. ‘आरसा लावू का’ म्हटलं असतं तर आत्या ‘कशाला पुन्हा’ म्हणाली असती, आणि मग मला ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी बघू म्हणालो आणि बघितलं नाही. भिंतीवरची तुझी खडूची खूण दरवर्षी चुन्याखाली जायची आणि दरवर्षी तू ती परत करायचीस. तुला पांढऱ्या पायाची म्हणणाऱ्या बाईच्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून.

दवाखान्यात मी तीनदा आलो. बार्शीला गाडी बदलून, पिशवी मांडीवर घेऊन. तुझ्या पोटातलं दुखणं किती पसरलंय ते डॉक्टरांनी राजशेखरला सांगितलं होतं, त्यानं मला. तू पूजाला म्हणाली होतीस, मला कुणी आरसा दाखवत नाही, कशी दिसते तरी बघू दे. पूजा रडली आणि तिनं दाखवला नाही. म्हणून मी मोरीजवळचा दाढीचा आरसा खिळ्यावरून काढला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि पिशवीत घातला. वर मोसंबी. ठरवलं होतं, आरसा तुझ्या हातात देताना सांगायचं. आरसा हातात असला की ते आपोआप तोंडातून येईल.

पहिल्यांदा तुझी बहीण होती. दुसऱ्यांदा तू झोपेत होतीस, औषधाच्या. तिसऱ्यांदा आपण दोघंच होतो. खिडकीतून ऊन तुझ्या पायाशी आलं होतं.

“मामा, पिशवीत काय आणलंय?”

“मोसंबी.”

“मोसंबीला एवढं जपून धरता?”

मी वरची दोन मोसंबी काढून ठेवली. तू माझ्याकडं बघत राहिलीस, पाटावर बसून बघत होतीस तशीच. चेहरा एवढासा झाला होता, पण बघणं तेच. मग तूच मला सोडवलंस. म्हणालीस, “जावा मामा, चारची गाडी चुकंल.” मी उठलो. गाडी साडेचारला होती. तुलाही माहीत होतं.

तुला माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी घरात बायका बसल्या होत्या, बाहेरच्या खोलीत आम्ही. मधलं दार उघडं होतं. आतून कुणाचा तरी आवाज आला, “काय बाई, आल्या पावलीच आरसा फुटला होता म्हणं.” आणि आत्याचा थकलेला आवाज, “मी तवाच म्हणाले होते. तिचंच तिला भोवलं बिचारीला.”

मी बोलायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. शेजारच्यांना वाटलं मला धाप लागली, त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मी पाणी प्यालो.

पाचव्या दिवशी सकाळी मी गोदामात गेलो, काच कापायच्या हिराकणीनं त्या आरशाचा वरचा उजवा कोपरा कापून घेतला आणि मधल्या खोलीत आत्यासमोर, पोथीच्या शेजारी ठेवला. बल्ब लावला. तिला भोक दाखवलं, चिरडलेली खूण दाखवली, तडा कुठून निघाला ते दाखवलं. वायसर नव्हते ते सांगितलं, शेवटचा फेरा सांगितला. ती बराच वेळ त्या तुकड्यावरून बोट फिरवत राहिली. कड धारेची होती, मी तुकडा काढून घ्यायला गेलो तर देईना.

“म्हणजे सव्वीस वर्षं मी पोरीला...” एवढं म्हणून थांबली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “आता कशाला सांगितलं वो? ती असताना सांगितलं असतं तर मी तिच्या तोंडात साखर तरी घातली असती.”

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं झालं नाही. माझ्या डोक्यावरचं ओझं होतं तेवढंच राहिलं आणि तेवढंच आणखी एक तिच्या डोक्यावर गेलं. तिनं पोथी बांधून वर ठेवली आहे. अजून उघडलेली नाही. माझ्याशी जेवणापुरतं बोलते.

राजशेखरला सांगायचं राहिलं होतं. मी सुरुवात केली आणि त्यानं मला थांबवलं. “अप्पा, मला म्हायती आहे. नंदानंच सांगितलं होतं, गोदामातलं पाणी काढलं त्या वर्षी. मी म्हटलं, अप्पांना विचारतो. तर म्हणाली, नको. ते सांगतील.”

“मग?”

“मग काय. वाट बघितली तिनं. लई दिवस.” आणि तो उठून मागच्या अंगणात गेला.

‘ते सांगतील.’ तुझं माझ्याबद्दलचं इतकं चांगलं मत मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर सांगितलं असतं का? नसतं, महानंदा. इथं खोटं लिहून काय करू.

दाढीचा आरसा परत खिळ्यावर गेलेला नाही. टॉवेलमध्ये तसाच पिशवीत आहे. मधल्या खोलीत तुझ्या खुणेवर आरसा लावावा असं मनात आलं. वायसर आहेत, पुडीच्या पुड्या आहेत, तूच बांधून ठेवलेल्या, प्रत्येक पुडीत चार. मी भिंतीपाशी उभाही राहिलो. पण आत्या आता त्या खोलीत बसत नाही. उजेड येऊन पडणार कुणावर? खूण तेवढी पुसू नका म्हणून सांगितलं आहे. पुढच्या वेळी चुना देणारा ऐकेल न ऐकेल.

जे तुला द्यायचं होतं ते वाक्य मी इतक्या वेळा मनात जुळवलंय की ते मला पाठ आहे. दवाखान्यासाठी जुळवलेलं वेगळं होतं, लांबलचक. दुकानासाठी वेगळं. पण खरी त्याची जागा त्या दिवशीची बाहेरची खोली होती, चार वाजताचं ऊन, पाटावर तू, आत्याच्या हातात साखर, सगळे पाहुणे, आणि माझ्याकडं वळलेला तुझा चेहरा. तिथं मी एवढंच म्हणायला हवं होतं:

“थांबा, कुणी काही बोलू नका. पोरीचा काही दोष नाही. वायसर नव्हते, रशीदभाई नको म्हणत होते, स्क्रू मी पिळला. महानंदा, चूक माझी आहे बाळ. मला माफ कर.”